जाहीर झालं म्हणजे झालं

उजव्या हाताचं बोट वर जायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि गुरुजी म्हणायचे, "टाळ्या!" समोर अख्खा बाजारतळ भरलेला असो की बारशाला जमलेल्या चार बाया असोत, टाळ्या पडायच्याच. त्या थांबल्या की गुरुजी माइकपासून तोंड बाजूला घ्यायचे आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणायचे, "जाहीर झालं म्हणजे झालं." हे वाक्य लोकांसाठी नसायचं. ते माझ्यासाठी असायचं. मी मंचाच्या मागं मशिनीपाशी बसलेला असायचो आणि माझ्या तोंडावरचं हसू गुरुजींना अजिबात खपायचं नाही.

वाशी म्हटलं की लोकांना नवी मुंबईतली वाशी आठवते. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, तालुक्याची. तिथं माझा साऊंड सिस्टीमचा धंदा आहे. लग्न, जयंती, उद्घाटन, पक्षप्रवेश, तेरावं, कुठंही माझे भोंगे जातात. आणि भोंग्यांबरोबर माझ्या टेम्पोत, माझ्या शेजारच्या सीटवर, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून ताठ बसलेले गुरुजी जायचे. ते निवेदक होते. तुमच्याही गावात असा एक माणूस असणार. पाहुण्यांना उशीर झाला की तो लोकांना धरून ठेवतो, पाहुणे आले की त्यांचा देव करतो आणि पंगतीत त्याला वाढायचं तेवढं सगळे विसरतात. तुम्ही त्याच्याकडं कधी नीट बघितलं नसेल. मला बघावंच लागायचं, कारण त्याचा आवाज फाटला तर शिव्या मला बसायच्या.

खरं तर ते आता गुरुजीसुद्धा राहिले नव्हते. तरुणपणी एका खासगी शाळेत बिनपगारी शिकवलं. शाळेला मान्यता येणार, अनुदान येणार, असं संस्थेचे चालक दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली जाहीर करायचे. मान्यता आली नाही. शाळा बंद पडली, त्या इमारतीचं मंगल कार्यालय झालं आणि गुरुजी तिथंच लग्नाचं निवेदन करायला जायला लागले. "जागा तीच हाय, पोरांच्या जागी वऱ्हाड आलंय एवढंच," असं हसून सांगायचे. घोषणेनं एकदा आयुष्य खाल्लेला हा माणूस, आणि तरी घोषणेवर त्याचा जीव. मी त्यांना तोंडावर भोळसट म्हणायचो. ते मला नास्तिक भोंगेवाला म्हणायचे.

मंचावर त्यांची भाषा वेगळी होती. "आपल्या लाडक्या नेतृत्वाचे आगमन होत आहे, आपण सर्वांनी जागेवर उभे राहून स्वागत करावे," हे इतकं स्वच्छ म्हणायचे की भाषणाला आलेल्या माणसाला आपण आरतीला आलोय असं वाटावं. माइक बंद झाला की लगेच, "लई घसा धरलाय रं, च्या सांग." पुढाऱ्यांच्या पदव्या ते, त्यांच्या बायको म्हणजे आमच्या काकू मसाल्याचा डबा सांभाळतात तशा सांभाळायचे. 'कार्यसम्राट' ही पदवी आमदाराच्या खाली उतरायची नाही. 'युवा हृदयसम्राट' त्याच्या पुतण्यासाठी राखून ठेवलेली. ज्यानं काहीच केलेलं नाही त्याच्यासाठी 'धडाडीचे'. एकदा एका सोसायटीच्या चेअरमननं 'कार्यसम्राट म्हणा' असा हट्ट धरला, तर गुरुजींनी पाकीट परत दिलं. मला म्हणाले, "शब्दाला काय किंमत हाय का न्हाय?"

मोबदल्यात पाकीट कधी मिळायचं, कधी नाही. शाल आणि नारळ मात्र हमखास. नारळ खाऊन संपायचे. शालींचं काय करायचं म्हणून काकूंनी त्यांच्या वाकळा शिवल्या. त्यांच्या घरी सोयरा मुक्कामाला राहिला की तो सत्काराच्या शालींवरच झोपायचा. काकू शेवया आणि पापड करून विकायच्या आणि घर त्यावर चालायचं. त्या एका वाक्यात माणूस उभा चिरायच्या. नवरा कार्यक्रमाहून आला की विचारायच्या, "आज काय काय दिलं साहेबांनी?" गुरुजी सगळं सांगायचे. काकू म्हणायच्या, "आणि घरात काय घेऊन आलाव?"

साहेब म्हणजे आमचे आमदार साहेब. नाव सांगायचं कारण नाही. तुमच्याकडंही ते आहेतच, फक्त चेहरा वेगळा असेल. साहेबांचा हात मोठा होता आणि तो फक्त माइकसमोर उघडायचा. बाजारतळावर बायांसाठी स्वच्छतागृह त्यांनी जाहीर केलं. कोनशिला बसली. आजही आहे, तिला लोक शेळ्या बांधतात. रुग्णवाहिका जाहीर केली. ती मंचासमोर आली, पुठ्ठ्याची मोठी किल्ली दिली, फोटो निघाले आणि गाडी सोलापूरला ज्याची होती त्याच्याकडं परत गेली. जाताना दारावरचा साहेबांचा फोटो ड्रायव्हर नखानं खरवडत होता. मी गुरुजींना ते दाखवलं. गुरुजी म्हणाले, "कागदपत्राला येळ लागतो लेका. पण जाहीर झालं म्हणजे झालं. आता सायबाला तरी माघारी फिरता येतंय का?"

सायकलींची गोष्ट सांगितल्याशिवाय गुरुजी कळायचे नाहीत. साहेबांच्या वाढदिवसाला गरीब मुलींना सायकली वाटायच्या होत्या. अशा कार्यक्रमात 'प्रातिनिधिक स्वरूपात वाटप' असा एक प्रकार असतो. म्हणजे मंचावर सायकल एकच असते. एकेक मुलगी येते, हँडलला हात लावते, साहेब सीटला हात लावतात, फोटो होतो आणि मुलगी मागच्या पायऱ्यांनी रिकामी उतरते. पुढं तीच सायकल, दुसरी मुलगी. त्या दिवशी शेवटी आलेल्या मुलीला ही रीत कुणी सांगितली नव्हती. फोटो झाला, तिनं सायकल उचलली, पायऱ्या उतरली, टांग टाकली आणि सुसाट घराकडं निघाली. मंचावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. गुरुजींनी बोट वर केलं. "विद्यार्थिनीने सायकलीचा प्रत्यक्ष वापर सुरू केलेला आहे. टाळ्या!"

टाळ्या चालू असतानाच साहेबांच्या पुतण्याच्या हाताखालची पोरं मोटारसायकली काढून तिच्या मागं गेली. घराच्या अंगणात, आईच्या समोर, तिला खाली उतरवून सायकल आणली. सायकल दुकानदाराची होती आणि तिचं सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढायचं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही टेम्पोतून येरमाळ्याच्या कार्यक्रमाला निघालो, तर रस्त्यानं तीच पोरगी दुकानातून मिठाची पिशवी घेऊन चालली होती. गळ्यात सत्काराचा हार तसाच. गुरुजींनी टेम्पो थांबवायला लावला आणि तिला मधे बसवलं. तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "गुरुजी, तुमीच म्हणलाव नव्हं का, सायकल माझी म्हणून?"

"तुझीच हाय की," गुरुजी म्हणाले. "येईल घरी. म्या सांगितलंय माइकवर."

खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज मला कळतो, त्याच धंद्यात दाढी पिकली. हा आवाज खोटा नव्हता. त्यामुळंच मला त्या दिवशी त्यांचा फार राग आला.

पुढं त्यांच्या डोळ्यांना मोतीबिंदू आला. आधी मला कळलं नाही. चिठ्ठ्यांवरची नावं ते मला वाचून दाखवायला लावायचे आणि चष्मा घरी राहिलाय म्हणायचे. मग एकदा साहेबांची वाट बघत सगळे बसलेले असताना पांढरे कपडे घातलेला एक माणूस मंचाच्या पायऱ्या चढायला लागला. गुरुजींनी "कार्यसम्राट, दीनांचे कैवारी, विकासाचे महामेरू" अशी सगळी पुंजी त्याच्यावर ओतली. लोक उभे राहिले. बँड वाजला. तो जेवणाचा आचारी होता आणि मीठ कुठं ठेवलंय ते विचारायला आला होता. पोट धरून हसलो आम्ही. गुरुजीही हसले, पण पुढचं नाव घ्यायच्या आधी मागं वळून मला विचारलं. काम डोळ्यांवर होतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं नाव राहिलं, हे ज्याला दिसत नाही त्याला दुसऱ्यांदा कोण बोलावणार?

त्याच वर्षात साहेबांची एकसष्टी आली. आमच्याकडं याची एक ठरलेली रीत आहे. गौरव समिती बसते. व्यापारी, शिक्षक, सोसायट्या, हातगाडीवाले, सगळ्यांकडून वर्गणी गोळा होते. जमलेला निधी मखमली थैलीत घालून मंचावर नेत्याला अर्पण करतात. नेता थैली कपाळाला लावतो, डोळे टिपतो, स्वतःची तेवढीच भर घालतो आणि सगळं कुठल्यातरी पुण्याच्या कामाला दिल्याचं जाहीर करतो. थैली कुठून येते ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. कुठं जाते ते विचारणारा माणूस गावाचा वैरी ठरतो.

एकसष्टीला काय नव्हतं? तेरखेड्याचे फटाके होते. लातूरचा ऑर्केस्ट्रा होता. जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली. क्रेनला सफरचंदांचा हार लटकवला होता, तो साहेबांच्या डोक्यावर हळूहळू उतरला आणि खाली टेकायच्या आत लोकांनी लुटला. साहेब मधे, चारी बाजूंनी हात, धक्काबुक्की, आणि गुरुजी माइकवरून, "कृपया शिस्त पाळावी, फळे आपलीच आहेत."

मग थैली आली. साहेबांनी ती कपाळाला लावली. गावातल्या म्हाताऱ्यांसाठी भव्य नेत्रशिबिर घेणार म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर गुरुजींकडं गेली. आचाऱ्याची गोष्ट त्यांच्या कानावर होतीच. त्यांनी गुरुजींच्या खांद्यावर हात टाकला. "आणि पहिलं ऑपरेशन माझ्या या गुरुजींचं. पुण्याला, मोठ्या दवाखान्यात. माझ्या स्वतःच्या गाडीत बसवून नेणार. हा माझा शब्द आहे."

साहेबांची प्रत्येक घोषणा गुरुजी लगेच पुन्हा सांगायचे, ती त्यांची पद्धत होती. त्या दिवशी स्वतःचीही सांगितली. "पहिले ऑपरेशन... गुरुजींचे." बोट वर गेलं, पण "टाळ्या" हा शब्द फुटला नाही. लोकांनी आपणहून वाजवल्या. गुरुजींनी माझ्याकडं वळून बघितलं. मी दिसलो नसेन, पण मी हसत नव्हतो.

मंडप उतरवताना ती थैली मला वायरींच्या ढिगात सापडली. आत एकसष्टीची उरलेली हँडबिलं कोंबलेली होती, फुगीर दिसावी म्हणून. दुसऱ्या दिवशी मी ती गुरुजींच्या हातात दिली. त्यांनी हँडबिलं बोटांनी चाचपली आणि मलाच समजावलं, "हे प्रातिनिधिक असतंय लेका. खरे पैसे काय कुणी उघड्यावर आणतंय व्हय?" काकू शेवया वाळत घालत होत्या. गुरुजींनी त्यांच्यासाठी गर्दीतून एक चेचलेलं सफरचंद मिळवून आणलं होतं. ते चिरताना काकू म्हणाल्या, "एवढ्या फळांच्या पैशात गावाचे डोळे झाले असते."

थैली मी ठेवून घेतली. मखमल चांगली होती, माइक गुंडाळायला बरी पडते.

नेत्रशिबिर काही झालं नाही. आधी साहेब परदेशी अभ्यासदौऱ्यावर गेले. मग समितीत भांडणं लागली, कारण कुणीतरी हिशोब मागितला आणि ज्यानं मागितला त्याच्याच नावावर ऑर्केस्ट्राचं बिल निघालं. मग निवडणूक लागली. "आचारसंहिता आहे, आता डोळ्याला हात लावता येत नाही," असं पुतण्यानं सांगितलं. निवडणुकीनंतर साहेबांनी पक्ष बदलला. गुरुजी मला घेऊन बंगल्यावर गेले तेव्हा पुतण्या पायरीवर मोबाइल बघत बसला होता. वर न बघता म्हणाला, "गुरुजी, ते त्या पक्षात असतानाचं होतं. आता नव्या पक्षात सगळं नव्यानं मांडावं लागेल."

मी परत येताना तोंडाला येईल ते बोललो. गुरुजी काठीनं रस्ता चाचपत चालत होते. म्हणाले, "पोरगं हाय ते. सायब तसं न्हायत."

यातली खरी चीड आणणारी गोष्ट पुढं आहे. वाशीच्या सरकारी दवाखान्यातून मोतीबिंदूच्या पेशंटांना धाराशिवला न्यायला गाडी येते. फुकट नेतात, फुकट ऑपरेशन करतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी आणून सोडतात. गुरुजींच्या भरवशावर साहेबांच्या शिबिराला थांबलेले म्हातारे एकेक करून त्या गाडीतून गुपचूप जाऊन आले. काकूंनी गुरुजींची पिशवी भरली आणि मला बोलावलं. गुरुजी बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"चला गुरुजी," मी म्हणालो. "तासाभराचं ऑपरेशन आहे."

"म्या न्हाय येत."

"अहो, पण का?"

"सगळ्या गावाला म्या सांगितलंय, पयलं ऑपरेशन पुण्याला, सायबाच्या गाडीत. माझ्या तोंडानं सांगितलंय. आता मीच सरकारी गाडीत चढलो तर लोक काय म्हणतील? त्या सायकलवाल्या पोरीला काय वाटंल? आजवर माइकवरनं जे जे बोललो ते समदं खोटं झालं की रं."

काकू दारात उभ्या होत्या. "खोटंच हाय ते," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाला ठावं हाय. तुमाला एकट्यालाच न्हाय."

गाडीचा हॉर्न वाजला, थोडा वेळ थांबून पुन्हा वाजला आणि गाडी गेली. भरलेली पिशवी काकूंनी खुंटीला अडकवली. ती तशीच तिथं राहिली.

पावसाळा सरता सरता त्यांचा डावा डोळा लाल झाला. डोकं फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. काकूंनी आणि मी त्यांना टेम्पोत घालून धाराशिवला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदू पिकून डोळ्यातला दाब वाढला, या डोळ्याची नजर गेली, ती आता येणार नाही. उजव्याचं ऑपरेशन करता येईल, पण उशीर करू नका. मग त्यांनी सहज विचारलं, "इतके दिवस कुठं होता बाबा?" काकू म्हणाल्या, "टाळ्या वाजवत होते." डॉक्टरांना काही कळलं नाही.

उजव्या डोळ्यासाठी पुढच्या आठवड्यात यायचं ठरलं. गुरुजी या वेळी नाही म्हणाले नाहीत. आणि नेमका त्याच आठवड्यात साहेबांचा नव्या पक्षातला पहिला मेळावा ठरला. पुतण्या स्वतः घरी आला. "गुरुजी, साहेब तुमचा विषय आज मंचावर काढणार आहेत. काळा चष्मा घालून पहिल्या रांगेत बसा." गुरुजींचा चेहरा असा उजळला की काकूंनी मान फिरवली. इस्त्रीचा शर्ट निघाला. डॉक्टरांकडं जायच्या आदल्याच दिवशी साहेब विषय काढतायत, म्हणजे आता पुण्याला न्यायला त्यांची गाडी येणार, शब्द अखेर खरा होतोय, असं गुरुजींनी धरलं. टेम्पोत मला म्हणाले, "बघ नास्तिका. उशीर झाला असंल, पण जाहीर झालं म्हणजे झालं."

निवेदक नवा होता. धाराशिवहून आणलेला तरणा पोरगा, शेरोशायरी करणारा. गुरुजींना हाताला धरून वर आणून खुर्चीत बसवलं. काळा चष्मा, गळ्यात हार. पोरानं माइक तोंडाजवळ ओढला आणि सांगितलं, "साहेबांनी शब्द दिला होता, साहेबांनी शब्द पाळला! ज्यांच्या डोळ्यांचं यशस्वी ऑपरेशन साहेबांनी स्वखर्चानं पुण्याला करून दिलं, ते आपले लाडके गुरुजी आज नव्या दृष्टीनं आपल्यासमोर आहेत!"

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. गुरुजी हलले नाहीत. मी मशिनीपासून उठून उभा राहिलो. हे ऐकायला त्यांना आणलं होतं. गाडी येणार नव्हती. त्यांचं ऑपरेशन आताच, टाळ्यांत, उरकून टाकलं होतं.

"गुरुजी, दोन शब्द बोला," पोरगा म्हणाला आणि माइक त्यांच्या हातात दिला.

गुरुजी उठले. दांडी चाचपली. घसा साफ केला. आणि मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता इतका स्वच्छ आवाज लागला.

"उपस्थित बंधू आणि भगिनींनो. साहेबांच्या कार्याचा थोडक्यात आढावा घेतो. साहेबांनी या तालुक्याला रुग्णवाहिका जाहीर केली. टाळ्या!"

बोट वर गेलं. टाळ्या पडल्या.

"बाजारतळावर माताभगिनींसाठी स्वच्छतागृह जाहीर केलं. टाळ्या!"

टाळ्या. साहेब शेजारच्या पाहुण्याशी बोलता बोलता स्वतःही वाजवत होते.

"मुलींना सायकली जाहीर केल्या. त्यातली एक सायकल एका मुलीनं घरापर्यंत नेली होती. तीही परत आणण्यात आली. टाळ्या!"

लोकांनी वाजवल्या. शपथेवर सांगतो, वाजवल्या. गुरुजींचं बोट वर गेलं की हात आपोआप जुळायचे, शब्द कोण ऐकतंय? पुतण्याला मात्र वास आला. तो मंचावरून मला आवाज बंद करायच्या खुणा करायला लागला. मी आवाज थोडा वाढवला. माझ्या हातून झालेलं समाजकार्य म्हणजे एवढंच.

"साहेबांनी नेत्रशिबिर जाहीर केलं," गुरुजी म्हणाले. "पहिलं ऑपरेशन गुरुजींचं. पुण्याला, साहेबांच्या गाडीतून. ते आताच, या मंचावर, आपल्या सर्वांच्या समोर झालेलं आहे." त्यांनी काळा चष्मा काढला. डावा डोळा दुधासारखा पांढरा पडला होता. "टाळ्या!"

पुढच्या रांगेतल्या बायांचे हात जागीच थांबले. त्यांच्या मागच्या रांगेतले थोडं वाजवून थांबले. पार मागं, जिथून मंच नीट दिसत नाही, तिथले लोक बराच वेळ वाजवत होते. साहेबांनी माइक काढून घेतला आणि म्हणाले, "गुरुजी आज फार भावुक झालेत."

दुसऱ्या दिवशी काकू त्यांना सरकारी गाडीतून धाराशिवला घेऊन गेल्या. खुंटीवरची पिशवी तशीच उचलली. ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी मी गेलो होतो. गुरुजी खाटेवर बसून स्वतःचा तळहात डोळ्यासमोर धरून बघत होते. एक छदामही लागला नव्हता. काकूंनी त्यांच्यासमोर चहा धरला. त्यांनी काकूंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय रं?"

काकूंनी कप त्यांच्या हातात ठेवला.

"एवढंच व्हतं व्हय?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि रडले. माइकशिवाय त्यांचा आवाज किती बारीक होता ते मला तेव्हा कळलं.

वाशीत उतरलो तर स्टँडसमोर नवा फ्लेक्स लागला होता. मेळाव्याचाच फोटो, चष्मा काढायच्या आधीचा. साहेबांचा हात गुरुजींच्या खांद्यावर आणि वर मोठ्या अक्षरांत 'दृष्टिदाता'. गुरुजी उजवा डोळा बारीक करून ते सावकाश वाचत उभे राहिले. मला वाटलं, आता फाडतील. ते म्हणाले, "ह्यो शब्द माझा हाय. एकसष्टीला म्याच काढला व्हता." आणि काकूंच्या मागं घराकडं चालायला लागले.

त्यानंतर त्यांनी माइक हातात घेतला नाही. थोड्याच दिवसांत दोघं नळदुर्गला मुलीकडं राहायला गेले. हायवेवर जावयाचं फरसाणाचं दुकान आहे, तिथं बसायचे म्हणे. मी एकदा भेटायला गेलो तर गल्ल्यामागं बसले होते. गिऱ्हाइकानं विचारलं, "ताजं हाय का?" गुरुजी म्हणाले, "मला ठावं न्हाय. तुमी बघून घ्या." त्या हिवाळ्यात झोपेतच गेले.

वाशीत शोकसभा ठेवली. भोंगे माझेच. मी मखमलीतून माइक काढून दांडीला लावला. काकू पुढं सतरंजीवर बसल्या होत्या, अंगावर गुरुजींच्या सत्काराची एक शाल. साहेब आले. हात जोडले, डोळे टिपले, बोलले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज चढायला लागला. मला तो चढ ओळखीचा होता. "गुरुजींच्या स्मरणार्थ या वाशी नगरीत भव्य नेत्र रुग्णालय उभं करणार," साहेब म्हणाले. "हा माझा शब्द आहे."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. पण मागून कुणीतरी सवयीनं वाजवली, शेजारच्यानं वाजवली आणि बघता बघता सगळी सभा वाजवायला लागली. काकूंनी पदर पुढं ओढून घेतला आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "झालं बघा भाऊ. दवाखाना पण झाला."